लेकराची ओळ

दिवाळी उलटली की एका सकाळी कोयत्यांचा आवाज कानावर येतो आणि माझ्या डाव्या भुवईवरची खूण खाजायला लागते. थंडीनं असेल, वयानं असेल. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. पण उसाला तोड लागली, हे मला आधी ती खूण सांगते आणि मग वर्तमानपत्र. तोडणीच्या टोळ्या आलेल्या असतात, रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागते, मोकळ्या झालेल्या रानात उसाचं वाळलेलं पाचट पेटवलेलं असतं आणि त्याची काजळी अंगणात वाळत घातलेल्या सदऱ्यावर येऊन बसते. लोकांना हा हंगाम गोड लागतो. गुऱ्हाळं सुरू होतात, पाहुणे काकवीच्या बाटल्या भरून नेतात. मला मात्र या दिवसांत रक्ताचा वास येतो.

ही खूण एका तांब्याची आहे. मी कुकडी नदीच्या घाटावर माइक हातात धरून कविता म्हणत असताना, भरल्या दशक्रियेत, एका बाईनं तो मला फेकून मारला होता. आणि तिनं मारला ते बरोबरच केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव करत बसायला नको.

कविता माझीच. जन्मभर मराठी शिकवलं, वह्याच्या वह्या भरल्या, पण धड अशी एकच जमली:

पिकले पान गळून अलगद मातीवरती आले,
ओढ्याचे ते पाणी सरता सरता सागर झाले;
वाट संपली, सांज उतरली, पाय विसावा घेती,
निसर्गमाता कुशीत घेते, लेकरे निजुन जाती.

मी मूळचा तळेघरच्या बाजूचा, डोंगरातला. भात, नाचणी, हिरड्याची झाडं आणि पावसाळ्यात चुलीपर्यंत शिरणारं धुकं. वडील थकल्याचा निरोप आला तेव्हा मी घोडेगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा होतो. ती आली नाही. मिळेल त्या जीपला लोंबकळत आणि उरलेलं चालत घरी पोचलो, तर सूर्य कलला होता. वडील ओट्यावर बसले होते, म्हणजे बसवल्यासारखे दिसत होते. दुपारी पेज प्याले, भिंतीला टेकले आणि गेले. ऐंशी पार केलेली. खाली ओढा वाहत होता आणि हिरड्याची पानं खरोखरच एकेक करून गळत होती. मी काही रचलं नाही, दिसलं ते लिहिलं. त्या डोंगरात मरण असं येतं, निदान माझ्या वडिलांना तरी असंच आलं.

आमच्याकडं वाघ म्हणजे देव. वाघबारशीला वाघोबाच्या दगडापुढं खीर ठेवायची आणि म्हणायचं, बाबा, आमची गुरं राख. लहानपणी मला त्या दगडाची भीती कधी वाटली नाही. त्याच्या पाठीवर बसून मी बोरं खाल्लेली आहेत.

मग नोकरी लागली ती खाली, पिंपरी पेंढारच्या अंगाला, बागायतीत. तिथं कालव्याचं पाणी, काळी जमीन आणि क्षितिजापर्यंत ऊस. मला वाटलं, कविता काय, कुठंही चालते. नव्वद सालानंतरची गोष्ट. नववीच्या वर्गात रसग्रहण शिकवायला मी माझीच कविता फळ्यावर लिहायचो, कवीचं नाव न घालता, आणि कुणीतरी ‘सर, ही कुणाची?’ असं विचारेल म्हणून थांबायचो. कधी कुणी विचारलं नाही. मग घसा साफ करून सांगायचो: पान म्हणजे माणूस, ओढा म्हणजे जीवनाचा प्रवास, सांज म्हणजे मृत्यू, आणि निसर्ग ही सर्वांची आई. लिहून घ्या. पोरं लिहून घ्यायची.

एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. अलका तिचं नाव. अभ्यासात बेताची, पण डोळे चौकस.

“सर, आमच्याकडं पान पिकून कुठं गळतं? ऊस तर हिरवाच तोडत्यात.”

वर्ग खिदळला. माझ्या एकुलत्या एक कवितेला वर्ग हसला, म्हणून मी तिला पुढं बोलावलं आणि तळहातावर दोन छड्या ओढल्या. त्या काळात मास्तर असं करत असत आणि घरचेही ‘बरं केलंत’ म्हणत. ती रडली नाही. हात स्कर्टला पुसला, जाग्यावर जाऊन बसली आणि वहीत लिहिलं: पान म्हणजे माणूस. मी डोकावून पाहिलं होतं. अक्षर थरथरलं होतं. पुढच्या वर्षी ती शाळेत दिसली नाही, लग्न झालं म्हणाले. शाळेपासून कोसभरावर, मळ्यातल्या एका घरात ती नांदायला गेली.

वर्गात नाही, पण घाटावर माझ्या कवितेचं सोनं झालं. आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला नदीवर मोठी गर्दी जमते. एकीकडं मुंडण चाललेलं, एकीकडं महाराजांचं प्रवचन, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, पुढारी तर एका सकाळी तीन तीन घाट करतात. एका दहाव्याला मी ती कविता म्हटली, चार म्हातारे डोळे पुसताना दिसले, आणि मी संपलो. पुढं कुणीही गेलं की निरोप यायचा, “सर, तेवढं पिकल्या पानाचं म्हना बरं का.” मी नाव तेवढं बदलायचो. विहिरीत पडलेल्यालाही पान, मोटारसायकलवरून गेलेल्यालाही पान. भरल्या डोळ्यांनी ऐकणारी माणसं एकदा मिळाली की त्याची चटक लागते, आणि मला ती पुरती लागली होती.

दोन हजार साल उलटलं आणि तो हंगाम आला. उसात बिबटे वाढले होते. तिथंच जन्मलेले, डोंगर न बघितलेले. तोड लागली की त्यांचं रान रोज कोयत्यानं कमी व्हायचं आणि हुसकलेलं जनावर वस्तीच्या कडेला यायचं. पहिल्यांदा कुत्री गेली. सकाळी उठावं तर साखळी तशीच, पट्टा तसाच आणि भोवती ओला लाल चिखल. मग शेळ्या, मग वासरं. एका गोठ्यात म्हशीच्या रेडकाची मान नुसती कातड्यावर लोंबत होती आणि म्हैस त्याला चाटत होती. बायका गवताला जाताना थाळ्या वाजवायच्या. शाळेत मुलं मधल्या सुट्टीत बिबट्या-बिबट्या खेळायची. एकानं दुसऱ्याच्या मानेला खरोखर दात लावले, तेव्हा मी दोघांना बडवून काढलं. सगळ्यांच्याच अंगात काहीतरी शिरलं होतं. तोडणीवाल्यांचे कोयते उसावर पडायचे ते सूड घेतल्यासारखे.

मळ्यातल्या त्या घरात अलका, तिचा नवरा बबन, सासू सोनाबाई आणि दुसरीत शिकणारी दीपाली. संध्याकाळची धार काढायची वेळ, ऊन अजून डोंगरावर होतं. सोनाबाई बांधावर गुरांसाठी घास कापत होती आणि दीपाली शेजारी उकिडवी बसून पेंढ्या बांधत होती. उसातून ते आलं. सोनाबाईनं नातीचा फ्रॉक धरला. तिकडून हिसका, इकडून हिसका. फ्रॉक फाटला. म्हातारीच्या मुठीत दोन बटणांचा एक तुकडा राहिला. तिनं ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटायला वेळ लागला.

अलका धारेची चरवी टाकून धावली आणि तशीच उसात शिरली, हातात काही नसताना. पाती तोंडाला, हाताला कापत होती. गडीमाणसं काठ्या, बॅटऱ्या घेऊन पोचायच्या आत तिला तिची मुलगी सापडली होती. पदरात घेऊन ती बाहेर आली तेव्हा बबननं तोंड फिरवलं.

लहान लेकराचा दहावा आमच्याकडं एवढा मोठा करत नाहीत. चार घरची माणसं जातात, आटोपतात. पण बिबट्यानं नेलेली म्हणून त्या सकाळी निम्मा तालुका घाटावर लोटला. भाषणं पेटली होती. जाळा म्हणाले, बंदुका द्या म्हणाले, एकानं तर सगळा ऊसच पेटवून द्यायचा ठराव मांडला. नदीकाठी पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. दहा-बारा कावळे बाभळीवर बसून होते, पण एक खाली उतरायला तयार नव्हता. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं आपण मानतो, म्हणून जो तो पुढं होऊन कबूल करू लागला. चुलता म्हणाला, “दिपे, तुज्या नावानं शाळंला घड्याळ देतो.” कावळे हलले नाहीत. मामा म्हणाला, “तुज्या आईला अंतर द्यायचो न्हाई.” नाही. बबन मुंडण केलेलं डोकं वाळूला टेकवून म्हणाला, “त्या जनावराचा जीव घेतो, बाळा. शिव आता.” तरीही नाही. तास झाला. लोक चुळबुळ करायला लागले.

तेव्हा माइकवाल्यानं माझ्याकडं बोट केलं. “कावळा शिवंस्तवर आपले साहित्यिक सर दोन शब्द म्हनतील.”

खरंच, वेळ काढायला मला उठवलं होतं. आणि मी उठलो. सदरा सारखा केला. तीन ओळी नेहमीसारख्या म्हटल्या, गळा जिथं दाटवायचा तिथं दाटवला. मग चौथी ओळ आली. आजही मला कळत नाही, ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला ती ऐकू कशी आली नाही. निसर्गमाता कुशीत घेते, लेकरे निजुन जाती.

बायकांच्या घोळक्यातून अलका उठली.

“कुनाच्या कुशीत?”

ती माणसांतून वाट काढत पुढं आली.

“निजली? माजी पोर निजली, सर? मी उसातनं येचून आनलीय तिला. येचून! ह्या हातानं! आन् तुमी म्हनता निजली?”

“अलका, बाळ...” मी म्हणालो. माइकवरच म्हणालो, म्हणजे ते साऱ्या नदीला ऐकू गेलं.

“तवा छडी मारून शिकवलंत, पान म्हंजी मानूस. आता सांगा, बिबट्या म्हंजी काय? सांगा ना! ल्ह्यून घेते!”

पाणी द्यायचा पितळी तांब्या तिच्या हाताशी होता. तो आला आणि माझ्या कपाळावर फुटल्यासारखा वाजला. मी खाली बसलो. डोळ्यात रक्त उतरलं, पांढरा सदरा भिजला, माइक वाळूत पडून किंचाळत राहिला. गडबड झाली, कुणी तिला धरलं, कुणी मला. आणि सगळे माझ्याकडं बघत असताना पिंडाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मागं वळून पाहिलं तर कावळा शिवून गेला होता.

पोरीची तीच इच्छा राहिली होती, असं कुणीतरी दबक्या आवाजात बोललं. म्हणजे मास्तराला मार बसावा अशी. मला चार टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा मी मनात तिची वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत होतो, आणि तीस वर्षांत वाचलेलं सगळं त्यांच्यापुढं फिकं पडत होतं.

आठवड्यानं फॉरेस्टवाल्यांनी लावलेल्या पिंजऱ्यात मादी सापडली. मुलीला नेणारी हीच का दुसरी, हे कुणालाही सांगता आलं नसतं आणि कुणाला विचारायचंही नव्हतं. मी पोचलो तेव्हा पिंजऱ्याभोवती दोनशे माणूस होतं. पहारी, सळया, टोकं काढलेल्या काठ्या. बबन जाळीतून पहार खुपसत होता आणि प्रत्येक वेळी लेकीचं नाव घेत होता. ती मादी गजांवर डोकं आपटत होती. नाक फुटलं होतं, पंज्याची नखं उपटून निघाली होती. मी बघत उभा होतो. मग मी खाली वाकून दगड उचलला.

वाघोबाच्या पाठीवर बसून बोरं खाल्लेला मी. तो दगड मी नेम धरून मारला, तिच्या तोंडावर. आणि मला आनंद झाला. लाज वाटायची ती मागाहून वाटली, आधी आनंदच झाला, हे कबूल करायलाच हवं. दुसरा दगड उचलला तेव्हा शेजारी अलका उभी होती. ती कधी आली, कळलं नाही. तिनं माझ्या कपाळावरच्या पट्टीकडं पाहिलं, हातातल्या दगडाकडं पाहिलं.

“सर, तुमीबी?” एवढंच म्हणाली.

माझ्या हातून दगड पडला. मग ती बबनजवळ गेली आणि त्याच्या हातातली पहार काढून घेतली. तो लहान मुलासारखा मातीत बसून रडायला लागला. दुपारी फॉरेस्टची गाडी पिंजरा घेऊन गेली. मादीचा एक डोळा फुटला होता. माझ्या दगडानं की दुसऱ्या कुणाच्या, ते मला कधीच कळणार नाही.

उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलो, माफी मागायला. घरी कसली, रानातच भेटली, पिकाला पाणी धरत होती. ज्या उसात ती शिरली होती तो तुटून गेला होता, आणि त्याच बुडख्यांतून नवा ऊस, ज्याला आम्ही खोडवा म्हणतो, गुडघ्याएवढा वर आला होता. असा तरारलेला, की बघवेना. बांधावर सोनाबाई बसली होती. तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती आणि ती गाठ ती बोटांनी चाचपत होती. त्या गाठीत काय आहे ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी काहीबाही बोललो. चुकलं म्हणालो. अलकानं फावडं रोवलं आणि खोडव्याकडं बघत म्हणाली, “सर, तोडलं तरी हे परत येतं. बघा ना कसं आलंय. लई राग येतो मला ह्याचा. माज्या पोरीचा खोडवा मी कुठनं आनू?”

तिनं फावडं उपसून पाण्याची वाट मोकळी केली.

“ती कविता परत कुठं म्हनू नका,” ती म्हणाली. “एवढं करा.”

मी शब्द दिला. पाळलाही. त्यानंतर घाटावरून निरोप आले, गाड्या आल्या, ‘सर भाव खातात’ असंही लोक म्हणाले. हळूहळू निरोप थांबले, एक तरुण कीर्तनकार माझ्या जागी चारोळ्या म्हणू लागला. खोटं कशाला बोलू, मला ते सलायचं. वर्गातही मी ती कविता फळ्यावर लिहिणं सोडलं. मुलांना सांगायला लागलो, पान म्हणजे आधी पान. ते कुठल्या झाडाचं, पिकलेलं की ओरबाडलेलं, ते आधी बघा. मग माणसाचं बोलू. परीक्षेत याला गुण मिळत नाहीत, हेही सांगायचो.

कधी वाटायचं, वडिलांसाठी लिहिलेली कविता मी गावभर वाटली आणि म्हणून ती हातची गेली. ती खोटी नव्हती. तळेघरच्या त्या ओट्यावर, त्या एका संध्याकाळी ती अक्षर न् अक्षर खरी होती. पण तिथून उचलून मी ती उसात आणली, जिथं काहीच पिकून पडत नाही. माणूस आपलं एक खरं घेऊन साऱ्या जगाच्या जखमांवर लावत फिरतो, आणि जखमेनं ओरडावं तर त्यालाच राग येतो. मी त्यातलाच.

सहा-सात वर्षं गेली. पुन्हा तोड लागलेली, पुन्हा काजळी. एका सकाळी अलका माझ्या दारात आली. केसांत पांढरं दिसत होतं. पाण्याचा पेला तिनं तसाच बाजूला ठेवला.

“आत्याबाई गेल्या,” ती म्हणाली. सोनाबाई गेली होती.

“कशानं गं?”

“कशानं न्हाई. दुपारी भाकरी खाल्ली, भिताडाला टेकल्या आन् गेल्या. पिकल्याच व्हत्या.” तिनं पदर सारखा केला. “पयली तीन वर्सं मी बोललेच न्हाई त्यांच्याशी. जेवाय वाढायचे, पर शबूद न्हाई. त्यांनी तरी काय करायचं व्हतं, सर? धरलं तर व्हतंच की तिला. फाटलं ते कापड फाटलं.”

मी बाजूला ठेवलेला पेला पुन्हा तिच्यापुढं सरकवला.

“गेल्या तवा त्यो फ्रॉकचा तुकडा मुठीत व्हता. मी म्हनले, सोडा आता आत्याबाई, मी काय तुमाला म्हनत न्हाई. तवा मूठ सुटली.” आणि मग तिनं वर पाहिलं. “परवा दहावा हाय. तुमी या. ते पिकल्या पानाचं म्हना. त्यांना ते शोभतं.”

माझा विश्वास बसेना. “नक्की?”

“नक्की. पर शेवटची वळ गाळा. लेकराची.”

घाट तोच. माणसं फार नव्हती, म्हातारीच्या दहाव्याला कोण पुढारी येतो. माइकही नव्हता. मी उभा राहिलो. पानाची ओळ म्हटली. ओढ्याची म्हटली. वाट संपली, सांज उतरली, पाय विसावा घेती, इथं मात्र गळा आपोआप दाटला, कारण मला माझे वडील दिसले आणि त्यांच्या शेजारी, त्याच ओट्यावर, सोनाबाई.

मग चौथ्या ओळीची जागा आली आणि मी थांबलो. तिथं दीपाली होती. कावळा केव्हाच पिंडाशी उतरला होता.

पाणी द्यायला अलका पुढं झाली. तिच्या हातात तोच पितळी तांब्या होता. पोचा आलेला, माझ्या कपाळाच्या मापाचा. स्वतःचं देऊन झाल्यावर तिनं तो पुन्हा नदीत बुडवून भरला आणि माझ्या हातात दिला.

“घ्या सर,” ती म्हणाली, “तुमीबी द्या पानी. दोगींलाबी.”